काकाजींची बिनटपाची मोटार

आमच्या घरमालकांनी मला खोल्या दिल्या त्या माझ्या गादीतला कापूस पाहून. हे सांगितलं की लोक हसतात. पण खरंच सांगते, त्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं, आणि आडनाव तर नाहीच नाही.

घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. नवरा एसटीत कंडक्टर, उमरखेडला. त्याची बदली आज होते, उद्या होते करत अडकलेली. मी आणि माझी आई, दोघी सामान हातगाडीवर टाकून गावभर फिरत होतो. खोली आहे का विचारलं की 'आहे ना' म्हणायचे. मग आडनाव विचारायचे. आम्ही बौद्ध, आणि आडनावावरून ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लगेच घरमालकाच्या भाच्याचं नेमकं त्याच महिन्यात लग्न निघायचं आणि पाहुण्यांसाठी खोली लागायची. एका गावात एकाच वेळी इतक्या भाच्यांची लग्नं मी पुन्हा कधी ऐकली नाहीत.

संध्याकाळ झाली तशी आमची हातगाडी एका जुन्या घरापुढे थांबली. आतून एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. ऊन उतरलं होतं, पाऊस नव्हता, तरी डोक्यावर भली मोठी काळी छत्री. ते आमच्याकडे न पाहता सरळ हातगाडीशी गेले. गादीच्या फाटक्या कोपऱ्यात दोन बोटं घातली, चिमूटभर कापूस ओढला, डोळे मिटले आणि दोन्ही अंगठ्यांनी तो ताणून पाहिला. पुन्हा जुळवला, पुन्हा ताणला. आम्ही दोघी पाहतच राहिलो.

"राळेगावकडचा," ते म्हणाले. "बाजारातला नाही, घरचा आहे. वेचणारीचा हात साफ आहे. पत्तीचा कण नाही."

"थो माहाच हात हाय, भाऊ," आई म्हणाली.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कोण हाय वो? कोणाच्या हायेत?"

"कापूस साफ आहे," त्यांनी उत्तर दिलं, आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

त्या खोल्या म्हणजे घराला लागून असलेलं त्यांचं जुनं कापसाचं कोठार होतं. मध्ये भिंत घालून दोन खोल्या केलेल्या, पुढच्या खोलीला रुंद दुपाखी दार, आणि बाजूने वर चढायला दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर आईचे गुडघे रोज कुरकुरायचे. बाकी खोल्या सोन्यासारख्या. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत भिंतीला ओलीचं नाव नाही. पापड एकदा वाळवून डब्यात भरले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडक राहायचे.

सगळा गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचा. मी काकाजी म्हणायचे. सरकारी संकलन केंद्रावर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रांगेत उभ्या राहायच्या आणि हे एकेकीत खांद्यापर्यंत हात घालून तळातला कापूस काढायचे. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. पाणी मारलं आहे का, कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस खाली दडवला आहे का, धागा केवढा, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. मग ते एक शब्द बोलायचे, आणि त्या शब्दावर समोरच्याचं वर्ष ठरायचं. म्हणून गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. काही जण शिव्या द्यायचे आणि काही जण जास्त शिव्या द्यायचे.

शिव्यांचं मुख्य कारण ती छत्री. केंद्रावर ती इतकी खाली धरायचे की त्यांना समोरच्याचे फक्त हात दिसावेत. लोकांना वाटायचं, काय माज आहे माणसाला, तोंड पाहत नाही. मलाही तेच वाटलं होतं. मी बोलायला फटकळ, एकदा विचारलंच, "काकाजी, घरात कायले छत्री?"

"सवय मोडू नाही, सिस्टर," ते म्हणाले. "चेहरा पाह्यला का हात खोटं बोलते."

पुढे काकूंनी त्याचं मूळ सांगितलं. नोकरी नवी होती तेव्हा एका म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ओल्या कापसाला वरचा नंबर देऊन टाकला. तो कापूस गंजीत आतून तापला, सडला, आणि भोवतालच्या सगळ्यांचा कापूस घेऊन बसला. तेव्हापासून छत्री. त्यांच्या सख्ख्या साळ्याची बंडी आली, त्यालाही छत्रीखालून शेवटचा नंबर मिळाला. साळ्याने त्या घरचं पाणी सोडलं आणि काकूंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. काकाजींना काही फरक पडला नाही. ओला होता, एवढंच म्हणाले.

घरातही त्यांचा नंबर देणं चालूच असायचं. भाकरी हातात घेतली की आधी कडा दाबून पाहायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "दुसरा."

"मंग पहिल्या नंबरच्या घरी जाऊन जेवा," काकू म्हणायच्या. ते निमूट जेवायचे.

पण रोज संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले की ओट्यावरून एक प्रश्न हमखास यायचा, छत्रीखालूनच. "सिस्टर, आज सगळे घरी गेले?" कापसाचे ते दिवस फार वाईट होते. आमच्या वॉर्डात तेव्हा कोण आणि कसे यायचे ते मी इथे सांगत बसत नाही. मी 'गेले' म्हटलं की ते आत जाऊन जेवायला बसायचे. 'नाही' म्हटलं तर त्या रात्री भाकरीला नंबर मिळायचा नाही. हे काकूंच्या लक्षात आलं होतं, माझ्याही आलं होतं. 

पुढे केंद्रावर बंड्या येणं कमी झालं. लोक गावातूनच व्यापाऱ्याला कापूस देऊन मोकळे व्हायचे. भर हंगामात काकाजी रिकाम्या मैदानावर खुर्ची टाकून, छत्री धरून बसलेले दिसायचे. हाताला कापूस नाही म्हणताना त्यांनी दिसेल त्या वस्तूला नंबर द्यायला सुरुवात केली. माझ्या सलाइनच्या नळ्या, शेजारच्यांची म्हैस, बाजारातली टरबुजं. टरबूजवाल्याने तर एकदा हात जोडले. त्याच दिवसांत त्यांना ती मोटार दिसली.

यवतमाळच्या रस्त्याला एक भंगारवाले चाचा होते. बंद पडलेल्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, सगळं लोखंड त्यांनी उचललं, आणि त्याच्याबरोबर गोदामात पडलेली जिनिंगवाल्या शेठची ही मोटारही आली. शर्यतीची विलायती मोटार. सीटा दोन, दारं दोन, टप नाही. नाक लांबलचक आणि ढुंगण आखूड. रंग कधीकाळी लाल असावा. काकाजींनी एकदा पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्र सुटलं की सायकल थेट तिकडे.

"काय आहे त्या मोटारीत?" मी काकूंना विचारलं.

काकू तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माही अर्धी वरात हाय तिच्यात."

काकाजींनी सासुरवाडीला कबूल केलं होतं की नवरीला मोटारीत बसवून नेईन. शेठची ओळख काढून त्यांनी हीच मोटार मागून आणली. निघाली थाटात. गावाबाहेरच्या नाल्यापाशी येऊन जी बसली ती बसलीच. बँडवाल्यांनी ढकलली, पाहुण्यांनी ढकलली. टप नाही, वरून वैशाखाचं ऊन, नवरी शालूत भाजून निघालेली. शेवटी मोटार नाल्यावर सोडून काकू कापसाच्या बंडीत बसून सासरी आल्या.

"तिनं माही लाज काढली वो," काकू म्हणाल्या. "अन् यायले आता थे घरी आणाची हाय. मी म्हणतो, कापून टाकू द्या मेलीले."

चाचा ती कापणारच होते. कापली नव्हती याचं कारण एक कोंबडी. चाचांच्या बायकोची कोंबडी मोटारीच्या सीटवर खुडूक बसली होती, पोटाखाली अंडी घेऊन. "पिल्लू निकलने दो साहब, फिर मेरा गैस कटर है और ये है," चाचांनी काकाजींना सांगितलं होतं. म्हणजे कोंबडी उठेपर्यंत काय तो निर्णय घ्यायचा होता. ज्या माणसाने आयुष्यभर एका श्वासात बंडीचा निकाल लावला, त्याला हा निकाल लागेना. रोज जायचे, पत्र्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे, आणि तसेच परत यायचे.

इथपर्यंत मला मजा वाटत होती. मग एका संध्याकाळी ते आमच्या पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले.

"सिस्टर, एक गोष्ट आहे." छत्री नेहमीपेक्षा खाली. "मोटार आणली तं तिले जागा पाह्यजे. कोरडी. नाहीतं एका पावसाळ्यात संपते थे. तशी जागा घरात एकच आहे."

"आमच्या खोल्या," मी म्हणाले.

"हो. मधातली भिंत काढली का बसते. दार बी रुंद आहे. बंडीएवढं आहे. मी दोरीनं मोजलं."

"मंग आम्ही कुठं जावं, काकाजी?"

"मी अजून ठरवलं नाही ना," ते घाईने म्हणाले. "तुम्ही बी पाहा. तुमचं मत घेतल्याशिवाय मी काही करत नाही."

घराबाहेर काढताना भाडेकरूचं मत विचारणारा घरमालक मी तरी दुसरा पाहिला नाही.  पुन्हा ती हातगाडी, पुन्हा ते भाचे. आणि आता आईला तेवढं चालणंही होणार नव्हतं. रागही इतका आला की आत जाऊन मी पातेलं दाणकन आदळलं.

रविवारी ते मला चाचांकडे घेऊन गेले. मी गेले, कारण म्हटलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आपल्याला कोण बेघर करतं आहे ते. भंगाराच्या ढिगात ती मोटार उभी होती. सीटवर कोंबडी पिसं फुलवून बसलेली, आम्हाला पाहून गुरगुरली.

"तुम्ही सांगा," काकाजी म्हणाले.

"मी? मला मोटारीतलं काय कळतं?"

"तुम्ही रोज ठरवता ना. याले यवतमाळले न्याचं, याले इथंच पाहाचं, याचं आता काही होत नाही. मले कापूस कळते. लोखंडावर हात ठेवला का मले हिचा नालाच आठवते. माहा हात खरं बोलून नाही राह्यला, सिस्टर." आणि त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "चेहरा पाहू नका, बस."

चेहरा त्यांचा पाहू नका म्हणाले का मोटारीचा, कोण जाणे. मी छत्री धरली, खाली वाकले आणि हात घातला. पेशंट जिथे दुखत नाही म्हणतो तिथे आमचे डॉक्टर आधी हात घालतात, तसा मी तळाशी घातला. वरून मोटार गंजलेली होती, बोट लावलं की पापुद्रे पडत होते. पण खाली वेगळंच काही होतं. जिनिंगच्या गोदामात उडणारी रुई इतकी वर्षं तिच्या पोटाला चिकटली होती आणि ऑइल पिऊन तिचा जाड लेप झाला होता. मी नखाने तो लेप सोलला. आतलं लोखंड आमच्या ऑपरेशनच्या ट्रेसारखं चकचकीत.

यवतमाळहून आणलेला मिस्त्री इंजिन फिरतं म्हणून सांगून गेला होता. राहिलं होतं ते माझं मत. नाही म्हटलं असतं तर काकाजी तिथूनच सायकलवर बसून घरी आले असते, आणि माझी आई तिच्या पायऱ्यांवर कुरकुरत राहिली असती. एक शब्द. पण नोकरीत कधी जिवंत माणसाला मेला म्हटलं नाही. मोटारीलाही म्हणवेना. स्वतःचीच चीड आली मला.

"वाचते," मी म्हणाले. "वाचवायची का, ते घरच्यांनी ठरवायचं असतं."

काकाजींनी मान हलवली आणि छत्री परत घेतली. 

आईने माझी जी कानउघाडणी केली ती शेजारपाजारच्या दोन घरांनी ऐकली असेल. "तुह्या जिभेले काही हाड? मेली म्हणाचं ना."

"जिवंत होती तर मेली कशी म्हणू, आई?"

"पेशंट नोयता थो. टिनाचा डब्बा होता."

काही दिवसांनी कोंबडी पिलं घेऊन सीटवरून उतरली. चाचांनी निरोप पाठवला आणि काकाजींनी हो म्हणून कळवलं. मी जागा शोधायला लागले. भाच्यांची लग्नं अजून आटोपली नव्हती. शेवटी नदीकडे एक टिनाची खोली मिळाली. चैत्रातच तिच्यात उभं राहवत नव्हतं, पावसाळ्यात काय होणार ते दिसतच होतं. नवरा सुटी काढून आला, भांडी बांधून देऊन परत गेला. काकूंनी काकाजींशी पुन्हा बोलणं सोडलं होतं. आमच्या बरण्या गोणपाटात गुंडाळताना त्या डोळे पुसत होत्या आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. मीही रडले. का लपवू, त्या खोल्यांवर माझा जीव जडला होता.

मोटार आली ती बैलांनी ओढत. इंजिन फिरत असलं तरी अजून ती चालण्याजोगी नव्हती. म्हणून काकाजींनी ओळखीच्याची बैलजोडी आणली, मोटारीच्या नाकाला दोर बांधला आणि ती गावातून निघाली. मागे अर्धा गाव, कोणीतरी डफडंही आणलं. स्टिअरिंगवर चाचा बसलेले, नवरदेवासारखे. पुढे बैलाचा कासरा धरून काकाजी, छत्रीखाली. काकू दारात हाताची घडी घालून उभ्या. आमचं सामान ओट्यावर बांधून ठेवलेलं आणि त्यातल्या गादीच्या वळकटीवर आई बसलेली.

मोटार कोठारासमोर आली. काकाजींनी वर चढून दाराची दोन्ही पाखं उघडली, खाली आले, बैलांना 'हो' म्हणाले. आणि तिथेच सगळं अडलं.

ते कोठार कापसाचं. त्यात बंडी कधी जात नसते. बंडी बाहेर मागे लावायची आणि कापूस पायाने सरळ आत ढकलायचा, म्हणून त्याचं जोतं बंडीच्या उंचीचं बांधलेलं, माझ्या कमरेच्याही वर. दार रुंदीला बरोबर होतं. पण ते होतं तिकडे वर, आणि मोटार होती खाली धुळीत. दोरीने दार मोजलं होतं, दोरीने मोटार मोजली होती. आम्ही सगळे त्या पायऱ्या रोज चढत होतो, उतरत होतो. पण बंडीएवढं दार म्हटलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बंडी उभी राहिली. मोटारीला पायऱ्या चढता येत नाहीत हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा काकू हसल्या. तोंडात पदर कोंबून त्या उंबऱ्यात बसल्या आणि इतक्या हसल्या की ठसका लागला.

"मले ठाऊक होतं," आई वळकटीवरून म्हणाली.

"मंग काहून नाही सांगतलं?" मी ओरडलेच.

"मले कोणं इचारलं? तुमी सारे मोजून राह्यलते." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पायऱ्या मोजाले कोणी आलं नाई."

तेव्हा मला कळलं, सामान बांधताना आई एवढी शांत का होती ते. तिने त्या पायऱ्यांवर भरवसा ठेवला होता.

पण चाचा स्टिअरिंगवरून उतरले, जोत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इसमें क्या है, साहब? मिट्टी डालके, ऊपर फर्शी मारके चढ़ाव बना देते. शाम तक गाड़ी अंदर." लोक म्हणाले, हो हो, होते ना. दोघे तर टोपलं आणायलाही निघाले. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. एवढी वर्षं उन्हात कापूस वेचलेली माझी आई, कधी कोणापुढे पदर पसरला नाही तिने. तेव्हाही नाही. गादीचा फाटका कोपरा बोटांनी नुसता दाबत राहिली.

काकाजींनी छत्री मिटली.

दिवसाउजेडी, चारचौघांत मिटलेली छत्री मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी ती बगलेत मारली आणि माझ्या आईच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं. मग पायऱ्या चढून आमच्या रिकाम्या खोलीत गेले, भिंतीवर तळवा ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मोटार इथं नाही राहू शकत. ओल आहे."

"कोठारात ओल?" गर्दीतून कोणीतरी हसलं.

"मी सांगून राह्यलो ना," काकाजी म्हणाले. "भिंत ओली आहे. सडून जाईन मोटार. बाहेर लिंबाखाली लावा तिले, वर टिनं टाकू."

ओलीच्या बाबतीत त्या माणसाशी वाद घालायची तालुक्यात कोणाची छाती नव्हती. टोपलं आणायला निघालेले परत फिरले. बैल अंगणातल्या कडुलिंबाकडे वळले. मला एकदम हलकं वाटलं. मी पायरीवरच बसले आणि हसू की रडू असं झालं. काकूंनी माझ्या हातातलं बोचकं ओढून घेतलं, म्हणाल्या, "उठ पोरी, चहा मांड. तुह्याच चुलीवर मांड." आई कशीबशी पायऱ्या चढून आत गेली. त्या दिवशी गुडघ्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

मोटार लिंबाखाली टिनाच्या छपरात राहिली. ती वाचली. मी म्हटलं होतं ना. काकाजींचे हात पुन्हा कामाला लागले, कापसाच्या जागी नट-बोल्ट आले, एवढंच. बरंच काही जुनं, दुसऱ्यांचं, जुळवून आणलेलं होतं, पण एक दिवस ती धूर सोडून गुरगुरली. काकू म्हणाल्या, "त्या कोंबडीवानीच ओरडून राह्यली." त्यांचं नवऱ्याशी बोलणं तोवर केव्हाच सुरू झालं होतं.

मग काकाजींनी एक गंमत केली. मोटार चालायला लागली तरी ती त्यांनी बैलांनी ओढत गावाबाहेरच्या त्या नाल्यापर्यंत नेली. तिथे काकूंना बसवलं आणि तिथून घरापर्यंत चालवत आणली. काकूंनी लग्नातला शालू काढला होता. ऊन लागू नये म्हणून काळी छत्री त्यांच्या हातात, आणि काकाजी उघड्या डोक्याने चालवत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हसत होते. जे त्यांना शिव्या द्यायचे तेही हसत होते. दारात येऊन मोटार बंद पडली. काकू उतरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "झाली बाई एकदाची वरात."

आम्ही त्या खोल्यांत पुढे खूप वर्षं राहिलो. नवऱ्याची बदली झाली, तो तिथेच राहायला आला, माझी मुलगी तिथेच झाली, त्या मोटारीच्या सीटवर बसून ती पाढे पाठ करायची. दर पावसाळ्यात काकाजी पायऱ्यांपाशी येऊन विचारायचे, "सिस्टर, ओल येते का?"

"येते काकाजी. लय येते," मी म्हणायचे. माझे पापड डब्यात कडकडीत असायचे. ते मान हलवायचे आणि जायचे.

आम्ही घाटंजी सोडली तेव्हा सामान टेम्पोत चढवलं. काकाजी आता थकले होते, काठी होती, छत्री कधीच सुटली होती. ते हळूहळू टेम्पोपाशी आले, गादीच्या त्याच फाटक्या कोपऱ्यात दोन बोटं घातली, चिमूटभर कापूस ओढून ताणला.

"काय म्हणते, भाऊ?" आईने विचारलं. ती पुढच्या सीटवर बसली होती.

"कोरडा आहे."

"मंग इतके वर्षं थे ओल कुठं गेलती?"

काकाजींनी कापूस पुन्हा गादीत कोंबला. आईच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी भिंत पाह्यलीच नव्हती."